उंबऱ्यावरची ओल

थोरल्याला कुणापुढे वाकावं आणि कुणापुढे ताठ राहावं हे कधी कळलं नाही, ही त्याच्या आईची, मोठीबाईची, त्याच्याबद्दलची जुनी तक्रार. पण त्या सकाळी त्याने कमाल केली. इस्त्रीच्या ज्या लांब टेबलावर ती कुणाला कोपरसुद्धा टेकू देत नसे, त्यावर त्याने नुकतीच कडक केलेली पांढरी चादर अंथरली आणि एका परक्या माणसाला चपलांसकट तिच्यावर बसवलं. चादर इस्पितळाची होती. ती आता परत धुवायची, परत उकळायची, परत दाबायची. आणि हा स्वतः, पन्नाशीला टेकलेला बाप्या, लॉंड्रीच्या पाटीवर ज्याचा फोटो, तो हात जोडून असा उभा होता की बघणाऱ्याला वाटावं, याचंच काहीतरी चोरीला गेलंय आणि यानेच ते चोरलंय.

लॉंड्रीत एवढी माणसं एका वेळी कधी जमली नव्हती. धुणाऱ्या बाया हातावरचा फेस तसाच घेऊन आल्या होत्या. इस्त्रीवाल्यांनी इस्त्र्या उभ्या करून ठेवल्या होत्या. कपडे टाकायला आलेली गिऱ्हाइकं बोचकी काखेत मारून टाचा उंचावत होती, आणि शेजारचा चष्मेवाला तर एका म्हाताऱ्याचे डोळे तपासता तपासता त्याला खुर्चीत तसाच सोडून आला होता. मोठीबाई मागच्या भिंतीशी, तिच्या डागांच्या टेबलापाशी बसली होती. गुडघ्यांमुळे तिला फार वेळ उभं राहवत नसे. तिथून तिला दिसत होत्या त्या नुसत्या पाठी.

ज्याच्यामुळे हा बाजार भरला होता तो माणूस स्वतःला ‘मुक्यांचा वाली’ म्हणवून घेई. म्हणे, त्याला जनावरांचं बोलणं कळतं. अंगावर पिवळी शाल, खांद्यावर पिवळं फडकं, कपाळ तेलाने चकचकीत. मोठीबाईने त्याला दारात पाहिल्या पाहिल्या त्याचं नाव पिवळ्या ठेवलं होतं, आणि तिने ठेवलेलं नाव सहसा निघत नसे.

“मुकं जनावर खोटं बोलत नाही,” पिवळ्या म्हणाला.

जे बोलतच नाही ते खोटं कुठून बोलणार, असं मोठीबाई पुटपुटली. पुढच्या एका धुणाऱ्या बाईने मागे वळून तिला गप्प बसायची खूण केली. तिच्याच पगारावरच्या बाईने.

पिवळ्याचं चालूच होतं. माणूस पाप गिळतो, जनावर ते हुंगतं. पाप जमिनीत मुरतं, भिंतीत चढतं, आणि जिथे ते सगळ्यांत ताजं असतं तिथे जनावराच्या देहातून आपोआप पाणी सुटतं. त्यात जनावराचा काही दोष नाही. ते पाणी म्हणजे अर्ज आहे, वरच्याकडे केलेला अर्ज. लोक माना डोलवत होते. चष्मेवाल्याने तर ‘अर्ज’ हा शब्द स्वतःशी दोनदा म्हणून पाहिला, इतका तो त्याला आवडला.

जिचे हे अर्ज वरच्याकडे चालले होते ती टेबलाच्या पायाला बांधलेली होती. ठिपकी. आठ महिन्यांची कुत्री, अंगाने पांढरी, एका डोळ्यावर काळा ठिपका. धाकटीने तिला मालाच्या खोक्यातून उचलून आणलं होतं. धाकटी म्हणजे धाकट्या मुलाची बायको. धाकटा बोटीवर नोकरीला, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. मग बाईमाणसाला सोबत हवी म्हणून पिल्लू आलं. लॉंड्रीत केसाळ जनावर आणल्याबद्दल मोठीबाईने धाकटीला आठवडाभर सुनावलं. पण पिल्लू पंधरा दिवसांत शिकलं. अंगणातल्या नळामागे जायचं, तिथेच करायचं, परत यायचं. थोरल्याला लहानपणी याच गोष्टीला चार वर्षं लागली होती, हे मोठीबाई तेव्हापासून गिऱ्हाइकांनाही सांगू लागली.

आणि तीन आठवड्यांपूर्वी ते शिकलेलं पिल्लू एकाएकी बिघडलं. काउंटरच्या पायाशी ओल, जिन्याच्या पायरीवर ओल, थोरल्याच्या खोलीपुढे ओल. सगळ्यांत जास्त धाकटीच्या उंबऱ्यावर, कारण ठिपकी तिथेच झोपायची. बशीएवढी थारोळी, दिवसातून दहा वेळा. बसायची, थोडंसं करायची, आणि कान पाडून माणसांच्या तोंडाकडे बघायची.

त्याच तीन आठवड्यांत आणखी एक गोष्ट झाली होती. दाबयंत्र तापवून ठेवून थोरला शेजारी टीव्हीवर सामना बघायला गेला, आणि एका मोठ्या हॉटेलचे चाळीस टेबलक्लॉथ करपले. हॉटेलने तोंड फिरवलं. थोरल्याने घरी येऊन काय सांगितलं, तर घराला काहीतरी लागलंय. यंत्र आपोआप तापलं म्हणे. तेव्हापासून त्याला कुणीतरी हवं होतं, ज्याच्या माथी हे मारता येईल. यंत्राला पाय नव्हते. धाकटीला होते, शिवाय सातवा महिना होता, आणि पहिल्या खेपेला तिचं पाचव्यातच गेलं होतं. एवढं सामान तयार असल्यावर पिवळ्यासारखा माणूस पत्ता विचारत येतोच.

त्याने आधी लॉंड्री आणि तिला लागून असलेलं सगळं घर रांगत हुंगलं. खरोखर रांगत. दोन्ही तळवे जमिनीवर, नाक फरशीला, शाल मागे फरफटतेय. प्रत्येक ओल्या जागी थांबून डोळे मिटायचा. लोकांना भरून आलं. मग त्याने खांद्यावरचं पिवळं फडकं काढलं आणि एकेका जागी ते फडकं ओलीवर टेकवून वर धरलं. काउंटर: पिवळं. जिना: पिवळं. थोरल्याचा उंबरा: पिवळंच. आणि धाकटीच्या उंबऱ्यावर टेकवून त्याने वर धरलं तेव्हा फडक्याच्या मधोमध रक्तासारखा लाल डाग होता, आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पसरत होता.

मोठीबाईला डाग दिसला नाही. तिला ऐकू आला तो पन्नास माणसांचा एकदम आत घेतलेला श्वास. त्या श्वासासरशी क्षणभर तिलाही ते खरं वाटलं. हे तिने नंतर कुणाला सांगितलं नाही.

पिवळ्याने निकाल दिला. धाकटीच्या पोटात जे आहे त्याला जागा मिळावी म्हणून या घराचं बरकतीचं पाणी आटतंय. उपाय आहे. तीन दिवस त्या जनावराला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. तहान लागली की गिळलेलं पाप वर येतं. चौथ्या दिवशी परत फडकं लावू. लाल झालं, तर या बाईने बाळंत होण्याआधी हे घर सोडायचं. मग शालीत गुंडाळलेलं फडकं त्याने परत उलगडून दाखवलं, तर डाग नाहीसा. पुन्हा स्वच्छ पिवळं. जनावराने पाप परत गिळलं, तो म्हणाला. दोन बाया रडल्या.

धाकटी दाराची चौकट धरून उभी होती. तिला माहेरात कुणी उरलं नव्हतं. घर सोडून जायचं म्हणजे कुठे, हे कुणी विचारलं नाही.

तिथेच मोठीबाईने उठून एक शब्द टाकला असता तर खेळ आटोपला असता. ती उठली नाही. मूर्खांशी हुज्जत घालणं तिला कमीपणाचं वाटे. चार दिवसांचा तमाशा, आपोआप विरेल, असं तिने मनाशी म्हटलं आणि एका कॉलरवरच्या शाईकडे वळली. शिवाय खरं सांगायचं तर धाकटीवर तिची फार माया होती असंही नाही. धाकटी उलट बोलत नसे, आणि उलट न बोलणाऱ्या माणसावर मोठीबाईचा विश्वास बसत नसे.

पहिल्या दिवशी थोरलीने, म्हणजे थोरल्याच्या बायकोने, धाकटीचं ताट वेगळं काढलं. इस्त्रीवाले तिने घडी केलेले कपडे तिच्या देखत मोडून पुन्हा घडी करू लागले. एका गिऱ्हाइकाने तिच्या हातून पावती घेतली नाही. काउंटरवर ठेवा म्हणाला, आणि मग ती दोन बोटांनी उचलली. धाकटीने काम थांबवलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की थोरली लगेच सांगायची, बघा, वर येतंय.

ठिपकी पाण्याच्या रिकाम्या भांड्यापाशी बसून राहिली. मग भांडं चाटू लागली. मग भांड्याखालची फरशी.

दुसऱ्या दिवशी धाकटी ओल्या फडक्याचा बोळा तिला चोखायला देताना सापडली. थोरलीने आरडाओरडा केला, थोरला धावत आला, आणि त्याने ठिपकीला अंगणात नेऊन सुकवणीच्या यंत्राच्या धुराड्याखाली बांधलं. तिथे दिवसभर गरम वारा येतो. कुत्री आधी ओरडली, मग कुईकुई केली, मग तेही थांबलं. एकदा मोठीबाई अंगणात गेली असताना ठिपकी वाफेच्या पाइपावरचे घामाचे थेंब चाटताना तिला दिसली. पाइप तापलेला होता. कुत्री चाटायची, जीभ भाजली की मागे व्हायची, परत चाटायची. मोठीबाई बघत उभी राहिली. मग आत कुणीतरी हाक मारली म्हणून आत गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी धुवायच्या ढिगात एक पोतेरं आलं. ठिपकीच्या खालचं. मोठीबाईने ते सवयीने उजेडाकडे धरलं. ती शाळेत दोन इयत्ताच गेली होती, त्याही धड नाहीत. पण डाग तिला वाचता येत. चहा, शाई, गंज, तेल, घाम, औषध: कुठल्या माणसाने काय खाल्लं आणि काय लपवलं ते ती कपड्यावरून सांगायची. त्या पोतेऱ्याच्या कडेला गुलाबी छटा होती. तिने त्यावर गार पाणी टाकलं आणि बोटाने चोळलं. डाग फिका होऊन पसरला. रंग नव्हता. रक्त होतं. कुत्रीच्या लघवीतून रक्त जात होतं.

तेव्हा तिला लाज वाटली, आणि लाज वाटली की तिला राग यायचा. तिने कपड्यांची वेताची टोपली रिकामी केली, अंगणात जाऊन दोरी कापली, ठिपकीला टोपलीत घातलं आणि धाकटीला म्हणाली, चप्पल घाल. थोरला आडवा आला. महाराजांचे तीन दिवस अजून पुरे झाले नाहीत, म्हणाला. मोठीबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाजूला झाला, आणि बाजूला झाल्याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. त्याने निदान रात्री परत आणायचं वचन मागितलं. आणते, ती म्हणाली.

जनावरांची डॉक्टरीण तरुण होती आणि तिला गोड बोलता येत नव्हतं. मोठीबाईला ती पहिल्या मिनिटात आवडली. तिने पोट चाचपलं, सुई लावली, नळीने थोडी लघवी काढली, काचेवर पाहिली. मूत्राशयात जंतू, त्यात खडे झालेले. हे तीन आठवड्यांपूर्वी साध्या गोळ्यांनी बरं झालं असतं. अशा जनावराला भरपूर पाणी द्यायचं असतं, म्हणजे आतलं धुऊन निघतं. पाणी तोडल्यामुळे जंतू वर मूत्रपिंडात चढले होते. किती दिवस तोडलं, तिने विचारलं. धाकटीने तीन बोटं दाखवली. कुणी सांगितलं, तिने विचारलं. धाकटीने मोठीबाईकडे पाहिलं.

“घरात शिकलेलं पिल्लू एकाएकी घरातच करायला लागलं,” डॉक्टरीण हात धुता धुता म्हणाली, “तर ते एकच सांगत असतं, की मला दुखतंय. दुसरा काही अर्थ नसतो. आम्हाला जनावरांची भाषा येत नाही, म्हणून आम्ही लघवी तपासतो.”

मग तिने नाक मुरडलं आणि मोठीबाईला विचारलं, तुमच्या हातांना हा वास कसला? मोठीबाईने अभिमानाने सांगितलं. उग्र पाणी. अमोनियाचं. हट्टी डागांवर तिच्याइतकं ते कुणाला वापरता येत नाही. कुत्रीने घाण केली की धाकटीच्या उंबऱ्यावर ती स्वतः ओतायची, गोणपाट दाबून मुरवायची. तिची स्वतःची खोली समोरच, तिला घाणीचा वास सहन होत नसे. बाकीच्या जागा पोरी साध्या पाण्याने पुसायच्या.

डॉक्टरीण म्हणाली, कुत्र्याच्या नाकाला अमोनिया आणि शिळी लघवी एकच. तुम्ही रोज तिला सांगत होतात, इथे ये, इथेच कर.

मोठीबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले. पन्नास वर्षांत ते हात लपवायची वेळ पहिल्यांदाच आली होती. ठिपकीला सलाइन लावून तिथेच ठेवलं आणि धाकटी तिच्यापाशी थांबली. मोठीबाई एकटी घरी निघाली आणि चौकातल्या बाकावर मधेच बसली. गुडघ्यांमुळे नव्हे. उग्र पाणी. पिवळं फडकं. लाल होतं, आणि वाळल्यावर परत पिवळं होतं.

घरी येऊन तिने दुसऱ्या एका हॉटेलच्या ढिगातून हळदीचा डाग पडलेला एक नॅपकिन शोधला. त्यावर उग्र पाण्याचा एक थेंब सोडला. डाग रक्तासारखा लाल झाला. ती खुर्चीत बसून बघत राहिली. पाणी उडून गेलं तसा लाल विरला आणि पिवळा परत आला. हे तिने आयुष्यात हजार वेळा पाहिलं होतं. इथल्या प्रत्येकाने पाहिलं होतं. हळदीला साबण, सोडा, उग्र पाणी लागलं की ती लाल होते, हे लॉंड्रीत कामाला लागलेली पोरगी पहिल्या आठवड्यात शिकते. पिवळ्याने हळदीत बुडवलेली शाल आणि फडकं घेऊन लॉंड्रीत यायची हिंमत केली, आणि ज्यांचे हात रोज तोच डाग धुतात त्यांनी हात जोडले. रांगत हुंगत होता ते तेवढ्यासाठी. घरात उग्र पाण्याचा वास कुठे आहे एवढंच त्याला हवं होतं. त्याची सगळी विद्या नाकात होती.

संध्याकाळी थोरल्याने कुत्री कुठे म्हणून विचारलं. माझ्या खोलीत झाकून ठेवलीय, कुणी उघडायचं नाही, असं तिने खोटंच सांगितलं. मग ती गुडघ्यांवर बसली आणि धाकटीचा उंबरा साध्या पाण्याने दहा वेळा धुतला. कण्हत उठली, आणि दुसऱ्या उंबऱ्याकडे गेली.

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता डॉक्टरिणीने निरोप पाठवला. मोठीबाई टोपली घेऊन गेली आणि टोपली भरलेली घेऊन आली. वर स्वच्छ चादर घातलेली होती. धाकटी मागून चालत होती. तिला एक शब्द बोलायचा नाही असं बजावलेलं होतं, पण ते बजावायची गरज नव्हती.

गर्दी पहिल्या दिवसाच्या दुप्पट होती. चष्मेवाल्याने दुकान बंदच ठेवलं होतं. मोठीबाईने डागांच्या टेबलावरच्या बाटलीचं बूच मुद्दाम काढून ठेवलं होतं, त्यामुळे घरभर उग्र वास होता; पिवळ्याच्या नाकाचा आज उपयोग नव्हता. टोपली तिने इस्त्रीच्या टेबलावर ठेवली आणि आज पहिल्या रांगेत खुर्ची मांडून बसली.

“महाराज,” ती म्हणाली, “आधी जनावराचं ऐका. तीन दिवस बिचारी तुमच्या शब्दावर होती. काय म्हणतेय ती?”

पिवळ्या खूश झाला. त्याने चादरीवरून हलकेच तळवा फिरवला, डोळे मिटले, मान कलती केली. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाला, शांत आहे. खूप हलकं वाटतंय म्हणते. पाप गळ्यापर्यंत आलंय. आता तिला भूक लागलीय, पण पाणी नको म्हणते.

धाकटीने भिंतीकडे तोंड केलं.

मग फडकं आलं. ओली जागा नव्हती म्हणून त्याने ते तांब्यात भिजवलं आणि धाकटीच्या उंबऱ्यावर दाबलं. वर धरलं. पिवळं. परत दाबलं, जोर लावून. पिवळं. त्याचं तोंड क्षणभर उघडं राहिलं, पण तो मुरलेला होता. पाप उतरलं, त्याने दोन्ही हात वर करून जाहीर केलं. तीन दिवसांच्या तहानेने काम केलं. गर्दीत आनंदाची कुजबुज झाली. थोरल्याचा चेहरा मात्र पडला. मोठीबाईने ते पाहिलं. धाकटी निर्दोष निघाली याचं त्याला वाईट वाटत होतं.

मोठीबाईने महाराजांचे आभार मानले आणि विनंती केली की त्या दिवशीसारखे बाकीचे उंबरेही तपासावेत, म्हणजे घर एकदाचं निर्धास्त होईल. पिवळ्याला नाही म्हणता येईना. काउंटर: पिवळं. जिना: पिवळं. थोरल्याच्या उंबऱ्यावर त्याने फडकं जेमतेम टेकवलं, कारण त्याचं लक्ष आता जेवणाकडे लागलं होतं. उचललं तेव्हा ते लालभडक होतं.

सगळ्यांत आधी थोरली किंचाळली. लोक तिच्यापासून एक पाऊल मागे सरले. तीन दिवस धाकटीपासून सरत होते तसेच. पिवळ्याने फडक्याकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं. मग अडखळत म्हणाला, की पाप इकडे सरकलंय, असं कधीकधी होतं, यालाही उपाय आहे. थोरला घामाने भिजला. माझ्या घरात नाही, माझ्या घरात कसं असेल, असं तो परत परत म्हणत होता. ते घर धाकटीचंही होतं, हे त्याच्या ध्यानात नव्हतं.

मोठीबाई उठली, टेबलावरची बाटली घेतली आणि पिवळ्याच्या शालीवर, बरोबर छातीवर, तीन थेंब सोडले. तीन लाल डाग उमटले. मग मोठा शिडकावा केला. शाल रक्ताने माखल्यासारखी दिसू लागली. पिवळ्या मागे सरकला तर टेबल आडवं आलं.

“आता सांगा, तुमच्यावर कुणाचं पाप बसलंय?” ती म्हणाली. “उभे राहा तसेच. हलू नका. वाळू दे.”

तो उभा राहिला, कारण इस्त्रीवाल्यांनी दोन्ही बाजूंनी त्याचे दंड धरले होते. पाच मिनिटं गेली. लाल फिकट झालं, विरलं, आणि शाल पिवळी झाली. एका धुणाऱ्या बाईच्या तोंडून निघालं, अगं बाई, हळद. आणि तिने स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

“हळद,” मोठीबाई म्हणाली. “तुमच्यातल्या कुणालाही विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं. पण माणूस टेबलावर चढून बसला की तुम्ही विचारायचं सोडून देता. धाकटीच्या उंबऱ्यावर उग्र पाणी मी ओतत होते. कुत्री त्या वासाने तिथे येत होती, आणि हा त्याच वासाने तिथे आला. काल रात्री तेच पाणी मी थोरल्याच्या उंबऱ्यावर ओतलं, गोणपाट दाबून मुरवलं. चमत्कार एवढाच. पुढच्या वेळी कुणी काही दाखवलं, तर दोन गोष्टी करा. कशाने झालं ते विचारा, आणि तेच स्वतःच्या हाताने करून बघा. नाही जमलं तर शहाण्या माणसाला विचारा. हात जोडायला काही अक्कल लागत नाही, म्हणून ते तुम्हाला सोपं वाटतं.”

मग तिने टोपलीवरची चादर ओढली.

ठिपकीचे पाय ताठ झाले होते. जिभेचं टोक भाजून काळं पडलेलं दिसत होतं. पुढे उभ्या असलेल्या माणसांनी माना खाली घातल्या, मागची टाचा उंचावून बघायला लागली, आणि दिसल्यावर त्यांनीही घातल्या.

“ही सात वाजता मेली,” मोठीबाई पिवळ्याला म्हणाली. “तुम्हाला दहा वाजता सांगत होती, भूक लागलीय.”

त्याला बाहेर कुणी काढलं ते नीट कुणाला आठवत नाही. त्याला पाणी हवं होतं, घसा कोरडा पडला होता, असं तो नळाकडे हात करून म्हणाला एवढं आठवतं. कुणी दिलं नाही. फडकं तेवढं इथेच राहिलं.

गर्दी विरली. पावती दोन बोटांनी उचलणारं गिऱ्हाईक तिला न बघता निघून गेलं. थोरलीने खुर्ची पुढे केली. धाकटी बसली नाही. ती टोपलीपाशी आली, चादर परत नीट घातली आणि मोठीबाईकडे बघून म्हणाली, “तीन दिवस तुम्ही बघत होतात, आई.”

आवाज चढलेला नव्हता. मोठीबाईने मान हलवली. हो, बघत होते, असं तिने म्हटलं.

थोरला कोपऱ्यात उभा होता. आता मात्र तो जवळ आला आणि आईच्या पायांशी वाकला. मी घराच्या भल्यासाठीच केलं, म्हणाला. मला काय माहीत होतं, म्हणाला.

मोठीबाईने पाय मागे घेतले.

“माहीत होतं. हळद कशाने लाल होते ते तुला सातव्या वर्षी माहीत होतं, मीच शिकवलं. टेबलक्लॉथ कुणी जाळले तेही तुला माहीत होतं. तुला चोर शोधायचा नव्हता, तुला माथी मारायला धाकटी हवी होती. आता ऐक. आजपासून काउंटर धाकटीचा. ती सांगेल ते तू धुवायचं, मागे टाकीवर उभं राहून. तिला नाही राहावंसं वाटलं, तर तिच्या नावाचा वाटा तिच्या हाती देऊन तुलाच तिला पोचवायला जायचंय, आणि वाटेत तिने शिव्या दिल्या तर ऐकायच्या. जा, नळामागे खड्डा खण. खोल खण. आणि खणता खणता एवढं डोक्यात ठेव. ती कुत्री आजारी होती, म्हणून तिचा ताबा सुटला. तू धडधाकट होतास.”